आईच्या फोनवर ‘जर्मनी’ उमटेपर्यंत

आईकडे बटणांचा साधा फोन आहे. क्रोशाच्या पिशवीत घालून तो देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलेला असतो. माझ्या भाच्याने त्यात माझा नंबर ‘जर्मनी’ या नावाने सेव्ह करून दिलाय, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. पडद्यावर ‘जर्मनी’ दिसलं की आई फोन उचलते. दुसरं काहीही दिसलं तरी उचलत नाही, आणि तिचं तेच बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी कराडच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक पोलीस अधिकारी येऊन ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल बोलून गेले होते. अनोळखी नंबर उचलू नका आणि शक्य असेल तर तो तारखेसकट लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. आईने ते वेदवाक्य मानलं. त्या लिहून ठेवण्याचा पुढे किती उपयोग होणार आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मी श्टुटगार्टला राहते. गेली अकरा वर्षं रोज सकाळी साडेसातला, कामावर निघायच्या आधी, मी आईला फोन करते. उन्हाळ्यात तेव्हा तिच्याकडे अकरा वाजलेले असतात. पूजा आणि स्वयंपाक आटपून ती कॉटवर बसलेली असते. दहा-बारा मिनिटांचं बोलणं. व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही, असं मला खूप जण विचारतात. स्मार्टफोन दोनदा घेऊन दिला. तिचा हात थरथरतो, उचलायला म्हणून बोट फिरवते आणि कॉल कट होतो. शिवाय डोळ्यांत मोतीबिंदू. भाचा पुण्याला असतो, तो महिन्यातून दोनदा येतो तेव्हा व्हिडिओवर बोलणं होतं. एरवी तो बटणांचा फोनच आमचा आधार.

इतकी वर्षं मी स्काइपचं क्रेडिट भरून तिच्या मोबाइलवर फोन लावत होते. माझा जर्मन नंबर तिथे पडताळून ठेवलेला होता आणि दहापैकी आठ वेळा आईकडे तोच उमटायचा. २००३ मध्ये सुरू झालेली ती सेवा बंद होणार, ही घोषणा २८ फेब्रुवारी २०२५ ला आली आणि ५ मे ला ती बंदही झाली. उरलेलं क्रेडिट डायल पॅडवरून वापरता येत होतं, त्यावर मी जूनच्या मध्यापर्यंत दिवस काढले.

माझ्या मोबाइल करारात भारतासाठी मिनिटाला दीड युरोच्या वर दर होता. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात केलेल्या कॉलला २०१९ पासून मिनिटाला १९ सेंट अधिक कर अशी कमाल मर्यादा आहे, पण भारत त्यात येत नाही. रोजच्या दहा मिनिटांचा हिशेब केला तर महिन्याला साडेचारशे युरो. त्यामुळे काहीतरी शोधणं भागच होतं.

त्याच सुमारास परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी म्हणून एक नवी कॉलिंग सेवा सुरू झाली. नाव लिहीत नाही. नव्या कंपन्या चुका करतात आणि सुधारतातही, आणि मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या कुठल्याही सेवेला लागू पडेल. महिन्याला १२.९९ युरो आणि भारतात कुठल्याही फोनवर ४०० मिनिटं. पैसे दर महिन्याच्या २० तारखेला लास्टश्रिफ्टने, म्हणजे खात्यातून परस्पर वळते. २० जूनला, शुक्रवारी, मी अ‍ॅप घेतलं, पासपोर्टचा फोटो चढवला, जर्मन नंबरवर आलेला ओटीपी टाकला. सगळं मिळून वीस मिनिटं. मला फार हायसं वाटलं.

शनिवारी सकाळी फोन लावला. रिंग गेली, गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तसंच. तिसऱ्यांदाही तेच, तेव्हा लागलीच वहिनींना व्हॉट्सअ‍ॅप केलं. वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या. त्या भिंतीपलीकडेच राहतात, पण नोकरी करतात, त्यांना रोज त्रास देता येत नाही. त्या जाऊन बघून आल्या. “काकू ठीक आहेत. म्हणतात, कुठल्यातरी परक्या नंबरवरून तीनदा फोन आला, मी उचलला नाही.”

तो परका नंबर म्हणजे मीच होते.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. कधी माझा खरा नंबर जायचा आणि आई “अगं, काल का नाही केलास?” म्हणत उचलायची. कधी ओळखीचा नसलेला दहा आकडी भारतीय मोबाइल नंबर जायचा, दर वेळी वेगळा. एकदा तर भलत्याच देशाचा कोड उमटला. आठवड्यातून तीनदा बोलणं झालं तर नशीब. ६ जुलैला आषाढी एकादशी होती, रविवार. त्या दिवशी सकाळपासून नऊ वेळा लावला, एकदाही जमलं नाही. दर वर्षी त्या दिवशी आई मला फोनवर पांडुरंगाचं एक पद म्हणून दाखवते. ते राहिलं. संध्याकाळी मी नेक्कार नदीच्या काठाने चालत राहिले, घरात थांबवेना.

सोमवारी कंपनीच्या चॅटवर तक्रार केली. आधी यंत्राची ठरीव उत्तरं आली: अ‍ॅप पुन्हा टाका, वाय-फाय बदला. माणसापर्यंत पोचायला ‘एजंट’ हा शब्द तीनदा टाइप करावा लागला. इथे एक सांगून ठेवते: चॅटची खिडकी बंद झाली की आधीचं बोलणं पुसलं जात होतं. दुसऱ्या वेळेपासून मी प्रत्येक चॅटचा स्क्रीनशॉट घेतला आणि तक्रार क्रमांक वहीत लिहिला. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

माणूस भेटला तो नम्र होता. त्याने सुचवलं की तुमच्याकडे भारतीय नंबर असेल तर तो कॉलर आयडी म्हणून लावा, घरचे लगेच ओळखतील. अ‍ॅपमध्येही तीच सूचना ठळक पट्टीत होती. बँकेच्या ओटीपीसाठी बहुतेक जण जपून ठेवतात तसं माझं जुनं भारतीय सिम मीही चालू ठेवलेलं आहे. त्याची व्हॅलिडिटी संपत आली होती. दोनशे रुपयांच्या आसपासचं रिचार्ज केलं, सिम जुन्या हँडसेटमध्ये घातलं, नेटवर्क पकडायला पाऊण तास गेला, आणि ९ जुलैला तो नंबर पडताळून झाला. वहिनींनी आईच्या फोनमध्ये तोही नंबर ‘जर्मनी २’ म्हणून घालून दिला.

दहा तारखेला गुरुपौर्णिमा. फोन लावला. अ‍ॅपमध्ये रिंग वाजत होती. आई उचलेना. अकरा, बारा, तेरा तारखेला तेच. आता वहिनी सांगत होत्या की परका नंबरसुद्धा येत नाही, काहीच येत नाही. मला वाटलं आई पिशवीत फोन ठेवते, तिला ऐकू जात नसेल. मी तिच्यावर चिडले. वहिनींच्या फोनवरून तिला म्हणाले, “अगं, निदान अकरा वाजता तरी फोन जवळ घेऊन बसत जा.” ती म्हणाली, “बाळा, मी साडेदहापासून मांडीवरच घेऊन बसते.” ते वाक्य अजून टोचतं मला.

१६ जुलैला, बुधवारी, आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. अर्ध्या तासाचं काम, काळजीचं काही नाही, हे मलाही माहीत होतं. तरी आत जायच्या आधी तिला माझा आवाज ऐकायचा होता. भाचा रजा घेऊन आला होता, पण दवाखान्यात तळमजल्यावर त्याला रेंज नव्हती आणि आईच्या साध्या फोनला होती. मी सहा वेळा लावला. सहाही वेळा रिंग ऐकू आली. दोनदा तर अ‍ॅपवर सेकंद मोजणंही सुरू झालं आणि मी शांततेशी बोलत राहिले, “आई, आई, ऐकू येतंय का?” तिच्या फोनवर काहीही आलं नव्हतं. ती माझ्या फोनची वाट बघत आत गेली.

ऑपरेशन छान झालं. मी मात्र त्या दिवशी कामावर धड काही करू शकले नाही.

शनिवारी, १९ तारखेला, भाचा घरीच होता. त्याच्या डोक्यातून एक साधी गोष्ट निघाली. “मावशी, मी व्हिडिओ कॉल चालू ठेवतो, आजीचा फोन टेबलावर ठेवतो. तू तुझ्या अ‍ॅपवरून लाव. बघू काय होतं.” मी लॅपटॉपवर त्याचा व्हिडिओ लावला. टेबलावरचा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, त्यावर क्रोशाची पिशवी, पिशवीबाहेर काढून ठेवलेला काळा फोन, शेजारी डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली. मोबाइलवर अ‍ॅप उघडून मी कॉल लावला. माझ्या कानात रिंग: ट्रिंग ट्रिंग, अगदी आपल्याकडची वाटावी अशी. टेबलावरच्या फोनचा पडदा काळाच. पाचव्या रिंगेनंतर माझ्या अ‍ॅपवर ०:०१ दिसलं, मग ०:०२, ०:०३. फोन काळाच. आईचा हात चित्रात आला, तिने फोन उचलून डाव्या डोळ्याजवळ नेला, पुन्हा खाली ठेवला. ०:२१ ला मी बंद केला. अ‍ॅपने एक मिनिट वजा केलं.

त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या. आईचा काही दोष नव्हता. आणि माझ्या कानातली रिंग हा काही तिकडे फोन वाजत असल्याचा पुरावा नव्हता.

ज्यांना आपल्या घरच्यांशी असाच त्रास होतोय त्यांनी ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी. दोन फोन आणि पलीकडे एक माणूस, एवढंच लागतं.

पुढचे आठ-दहा दिवस रात्री बसून मी हे नेमकं कसं चालतं ते समजून घेतलं. आपल्या पुण्याच्याच एका ओळखीच्या टेलिकॉम इंजिनिअरने, जो इथेच काम करतो, दोन संध्याकाळी वेळ दिला. मला उमगलं ते असं. आपण अ‍ॅपवरून कॉल लावतो तेव्हा तो इंटरनेटवरून कंपनीकडे जातो. कंपनीचं स्वतःचं भारतात काही नसतं, ती घाऊक बाजारातून मिनिटं विकत घेते, आणि तो कॉल दोन-तीन मध्यस्थांच्या हातांतून भारतात उतरतो. सरळ मार्गाने आला तर तो आंतरराष्ट्रीय गेटवेतून, म्हणजे परदेशी कॉल देशात शिरण्याच्या अधिकृत दारातून येतो, आणि आत घेणाऱ्या भारतीय कंपनीला त्यासाठी मिनिटामागे शुल्क मिळतं. ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामक संस्थेने, २०२० मध्ये हे शुल्क ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवायला सांगितलं. हे पैसे वाचवायचे तर आडवाटेने जायचं: कॉल इंटरनेटवरून एखाद्या भाड्याच्या खोलीत आणायचा, तिथल्या सिमबॉक्समध्ये शेकडो सिमकार्डं खोचलेली असतात, त्यातल्या एकावरून तो लोकल कॉल म्हणून पुढे सोडायचा. मग घरच्यांना दिसतो कुठलातरी दहा आकडी नंबर. हे भारतात बेकायदा आहे. २०२४ मध्ये पुण्यात कोंढव्याला एटीएसने असं एक एक्सचेंज पकडलं, त्यात हजारो सिमकार्डं सापडली होती. माझ्या कंपनीने जाणूनबुजून हे केलं असं मी म्हणत नाही. तिने घेतलेली स्वस्त मिनिटं मधल्या कुणीतरी कुठून नेली, हे बहुधा तिलाही ठाऊक नसावं. पण आईला दिसलेले नंबर आले ते अशाच कुठल्यातरी वाटेने, असं तो इंजिनिअर म्हणाला.

रिंग वाजून सेकंद सुरू होण्याला या धंद्यात ‘फॉल्स आन्सर’ म्हणतात. पलीकडे कुणी उचललेलं नसताना मधल्या एखाद्याची यंत्रणा ‘उचलला’ असा निरोप मागे पाठवते आणि मिनिटं मोजली जातात. खोटी रिंगसुद्धा तीच ऐकवते.

मग ९ जुलैनंतर कॉल अजिबात का पोचेनात? भारत सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ ला एक यंत्रणा सुरू केली. परदेशातून येणारा, पण भारतीय नंबर दाखवणारा कॉल ती वेशीवरच अडवते, कारण कस्टममधून बोलतोय, पोलिसांतून बोलतोय म्हणणारे भामटे हीच युक्ती वापरतात. पहिल्या चोवीस तासांतच १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. म्हणजे माझा स्वतःचा, मी पैसे भरून जिवंत ठेवलेला नंबर अ‍ॅपमध्ये लावल्याबरोबर माझा कॉल त्या भामट्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रोमिंगवर असलेल्या सिमवरून थेट केलेला कॉल वेगळा. अ‍ॅपमधून नुसता नंबर चिकटवून पाठवलेला कॉल वेगळा. आणि परदेशातल्या भारतीयांसाठी म्हणून काढलेली सेवा नऊ महिन्यांनंतरही आपल्या गिऱ्हाइकांना तेच करायला सांगत होती. मला राग आला तो याचा. ती यंत्रणा हवीच आहे, आईसारख्यांना तिचा आधार आहे. पण ज्यांनी भारतात फोन पोचवण्याचे पैसे घेतले त्यांनी हे माहीत करून घ्यायला नको?

२ ऑगस्टला मी कॉलर आयडी बदलून पुन्हा जर्मन नंबर लावला. तेव्हापासून निम्मे कॉल नीट जायचे, निम्मे परक्या नंबरवरून. दरम्यान २० जुलै रविवारी आल्यामुळे २१ तारखेला दुसरे १२.९९ खात्यातून गेले होते.

आता पैशांचं. कंपनीने चॅटवर सांगितलं की कॉल ‘जोडले गेले’ अशी नोंद आहे, परतावा मिळणार नाही. मी प्रत्येक कॉलचा तपशील मागितला. जर्मनीत आपल्याला तो मागता येतो. चार दिवसांनी पीडीएफ आली, तारीख, वेळ, मिनिटं. पण पलीकडे काय झालं याचा पुरावा माझ्याकडे कुठे होता?

तो आईकडे होता. स्वयंपाकघराच्या दारामागे तिची दिनदर्शिका लटकते. त्यात रोज दुधाचा हिशेब: १ ली., दीड ली., खाडा. आणि जूनपासून त्याच चौकटींत पेन्सिलने बारीक आकडे होते. पोलीस साहेबांनी सांगितलं म्हणून तिने प्रत्येक परका नंबर उतरवून ठेवला होता, वेळेसकट. मोतीबिंदू असताना, भिंगातून बघून. जागा पुरली नाही तिथे बाण काढून मार्जिनमध्ये. ९ ऑगस्टला राखीपौर्णिमेला भाचा आला तेव्हा त्याने जून, जुलै आणि ऑगस्ट अशा तिन्ही पानांचे फोटो पाठवले. मी एका बाजूला कंपनीची यादी ठेवली, दुसऱ्या बाजूला आईची पानं. मध्ये साडेतीन तासांचा फरक. २१ जून, ७:३२, तिच्याकडे ११:०२. २३ जून, ७:३१, तिच्याकडे ११ वा., खाली नंबर. एकेक जुळत गेलं. २७ कॉल असे निघाले की माझ्या यादीत ते केलेले आहेत आणि तिच्या पानावर परका नंबर आहे. ९ जुलै ते २ ऑगस्टच्या चौकटींत फक्त दूध होतं. त्या काळात माझ्या यादीत ४१ कॉल आणि ३४ मिनिटं वजा. मला हे करताना रडू आलं, ते रागाचं नव्हतं.

भाच्याने त्याच दिवशी ते नंबर सरकारच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवर नोंदवले. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणाऱ्या कॉलची तक्रार करायला तिथे सोय आहे, संशयास्पद कॉलसाठी ‘चक्षू’ हा विभागही आहे. नंबर, तारीख, वेळ आणि ओटीपी, सगळं पाच मिनिटांत होतं. त्यातून माझे पैसे मिळणार नव्हते, तो त्याचा हेतूही नाही. आणि तुमच्याकडे कुणी खरोखर पैशांची फसवणूक केली असेल तर तक्रार १९३० या क्रमांकावर करायची असते, इथे नाही. हा फरक आईच्या संघातल्या मंडळींनाही त्याने समजावून सांगितला.

आता जर्मनीत राहणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण मला हे तुकड्यातुकड्यांनी कळलं. ऑनलाइन करार केल्यावर १४ दिवसांत तो मागे घेता येतो, ती मुदत मी वाट बघण्यात घालवली होती. पण लास्टश्रिफ्टने गेलेले पैसे आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत फिरवता येतात, कारण द्यावं लागत नाही. २० जूनच्या पैशांसाठी माझी शेवटची तारीख १५ ऑगस्ट होती, आणि हे मला ११ ला कळलं. मात्र पैसे परत फिरवले म्हणजे करार संपला असं नसतं. आधी करार लेखी संपवा, नाहीतर कंपनी थकबाकीची पत्रं पाठवत राहते आणि त्यात दंडही लागतो. करार संपवण्याचं बटण वेबसाइटवर ठेवणं इथे १ जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे. मला ते पानाच्या अगदी तळाशी, फिकट अक्षरांत सापडलं. ११ तारखेला रात्री ते दाबलं आणि लगेच आलेली पोच जपून ठेवली. फेरब्राउखरत्सेंट्रालेच्या, म्हणजे ग्राहक केंद्राच्या, वेबसाइटवर तयार पत्रांचे नमुने असतात, त्यावरून पत्र लिहिलं, सोबत माझा तक्ता जोडला आणि १३ तारखेपर्यंत उत्तर मागितलं. उत्तर आलं नाही. १४ ला बँकेच्या अ‍ॅपमधून जूनचे १२.९९ परत फिरवले. दोन मिनिटांत झालं, दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात.

दुसऱ्या महिन्याचे पैसे मी फिरवले नाहीत, हे मुद्दाम सांगते. ऑगस्टमध्ये आणि त्याआधीही काही दिवस मी आईशी खरोखर बोलले होते. तेवढ्याचे पैसे त्यांचे होते.

२२ ऑगस्टला थकबाकीची नोटीस आली: १२.९९ आणि वर ५ युरो. अशा पत्राने पोटात गोळा येतो, विशेषतः परक्या देशात, परक्या कायद्याच्या भाषेत. पण दुर्लक्ष करायचं नाही आणि घाबरून लगेच भरायचंही नाही. मी लेखी हरकत घेतली, तोच तक्ता पुन्हा जोडला, या वेळी दिनदर्शिकेच्या पानांचे फोटोही जोडले. दुधाच्या खुणांचा अर्थ काय ते दोन ओळींत जर्मनमध्ये लिहिलं. आणि तोडगा निघाला नाही तर बुंडेसनेत्सआगेंटूरकडे, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामक संस्थेकडे, मध्यस्थीसाठी अर्ज करेन, असंही कळवलं. ती मध्यस्थी ग्राहकाला फुकट असते.

गणपती आले, २७ ऑगस्टला. त्या दिवशी वहिनींच्या फोनवरून आरती ऐकली.

३ सप्टेंबरला कंपनीतून एका बाईंचं पत्र आलं, पहिल्यांदाच ठरीव नसलेलं. त्यांनी तक्ता वाचला होता. थकबाकी आणि दंड रद्द केला, माझं खातं शून्यावर बंद केलं, आणि भारतीय नंबर लावण्याची अ‍ॅपमधली सूचना काढली आहे असं लिहिलं. मी इथल्या एका मैत्रिणीच्या फोनवर बघितलं, पट्टी खरंच गेली होती. त्या बाईंनी शेवटी विचारलं होतं की तुमच्या आईंचा डोळा आता कसा आहे. मी उत्तर दिलं की चांगला आहे.

रोजच्या फोनची सोय शेवटी घरातूनच निघाली. आमच्या घरच्या इंटरनेटबरोबर एक लँडलाइन नंबर येतो, जो आम्ही कधीच वापरला नव्हता. त्याच कंपनीत चौकशी केली तर परदेशी कॉलसाठी महिन्याला ३.९९ युरोचं वेगळं पॅकेज होतं, भारतासाठी मिनिटाला काही सेंट. महिन्याचा खर्च अठरा-एकोणीस युरोपर्यंत जातो, अ‍ॅपपेक्षा जास्त. पण कॉल अधिकृत मार्गाने जातो आणि पलीकडे श्टुटगार्टच्या शून्य-सात-एक-एक या कोडचा माझाच नंबर उमटतो. पैसे भरायच्या आधी मी त्यांना एकच प्रश्न लेखी विचारला: भारतात मोबाइलवर माझा नंबर दिसेल का? ‘हो’ असं लेखी आल्यावरच पुढे गेले. हँडसेट तळघरातून काढला, बॅटऱ्या बदलल्या. भाच्याने आईच्या फोनमध्ये नंबर घालताना आकड्यांच्या आधी जर्मनीचा कोड +४९ घातला. नुसता शून्य लावून घातला तर काही साध्या फोनना तो ओळखता येत नाही, आमच्या आईच्या फोनचं तेच झालं होतं.

८ सप्टेंबर, सोमवार. साडेसात. पुन्हा तीच चाचणी, या वेळी वहिनी रजेवर होत्या, त्यांनी व्हिडिओ धरला. मी आकडे दाबले. दोन सेकंदांनी टेबलावरच्या फोनचा पडदा उजळला आणि फोन थरथरत टेबलक्लॉथवर सरकायला लागला. आई वाकली. नव्या डोळ्याने तिने भिंगाशिवाय वाचलं, एकेक अक्षर, मोठ्याने: “ज-र-म-नी.” मग उचलला आणि नेहमीसारखं म्हणाली, “बोल गं. जेवलीस का?” सकाळचे साडेसात वाजले होते. मी हो म्हणाले.

आषाढीला राहिलेलं पद तिने त्याच दिवशी म्हणून दाखवलं.

आता २६ ऑक्टोबरला इथलं घड्याळ तासभर मागे जाईल. माझे साडेसात म्हणजे तिचे बारा. दर वर्षी त्या दिवशी ती अकरापासून वाट बघत बसायची, म्हणून या वेळी आधीच सांगितलं. परवा भाच्याने ऑक्टोबरच्या पानाचा फोटो पाठवला. २६ च्या चौकटीत दुधाच्या दीड लिटरखाली पेन्सिलने लिहिलंय: आजपासून जर्मनी १२ ला.